पोर्फिरिनचा फॉस्फोरेसन्स वाढत नाहीये? आधी या चुका टाळा

प्लॅटिनम किंवा पॅलेडियम पोर्फिरिन (रिंगच्या आकाराचा रेणू, मधोमध धातू) तयार केलं, स्पेक्ट्रममध्ये लाल भागात पीक आलं, पण अगदीच बुटकं. असं झालं की आपले विद्यार्थी लगेच नवा सरफॅक्टंट, नवं पॉलिमर, रिंगवर नवे गट शोधायला लागतात. माझा अनुभव वेगळा आहे. खोलीच्या तापमानाला फॉस्फोरेसन्स, म्हणजे उत्तेजित रेणूतून सावकाश येणारा प्रकाश, वाढवायचा म्हणजे बहुतेक वेळा गळती बुजवायची. प्लॅटिनमसारखा जड धातू रिंगच्या मधोमध बसला की ट्रिप्लेट या जास्त टिकणाऱ्या उत्तेजित अवस्थेतून प्रकाश देण्याची निम्मी तयारी तिथेच झालेली असते. तो प्रकाश वाटेत सांडतो कुठे, हे आधी बघा.

"नायट्रोजन पाच मिनिटं सोडला होता"

ऑक्सिजन काढला का, असं विचारलं की हे वाक्य मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलंय, म्हणून इथे जरा थांबते. प्लॅटिनम ऑक्टाएथिलपोर्फिरिनच्या ट्रिप्लेटचं आयुष्य ऑक्सिजन नसताना 90 मायक्रोसेकंदांच्या आसपास असतं. हवेत उघड्या ठेवलेल्या टोल्युइनमध्ये ऑक्सिजन असतो सुमारे 1.8 मिलिमोलर. तो ट्रिप्लेट विझवतो त्याचा वेगस्थिरांक, मोलर एककात, सेकंदाला 10⁹ एवढाच धरला तरी तिघांचा गुणाकार 160 च्या पुढे जातो. म्हणजे मिळायला हवा होता त्याच्या दीडशेव्या भागाहून कमी प्रकाश हाती लागतो. पॅलेडियमचं आयुष्य मिलिसेकंदाच्या घरातलं, त्यामुळे तिथे मार दसपट. पाच मिनिटांच्या बुडबुड्यांनी यातलं फारसं काही भरून निघत नाही.

त्यातून नायट्रोजन सिलिकॉनच्या नळीतून आणला असेल तर ती नळीच बाहेरचा ऑक्सिजन आत झिरपू देते. बुडबुड्यांबरोबर टोल्युइनही उडतं आणि द्रावण नकळत घट्ट होतं. वायू आधी त्याच सॉल्व्हंटच्या बाटलीतून फिरवून घ्या. आणि सेप्टमला (रबरी बुचाला) पाच-सहा वेळा सुई टोचून झाली असेल तर त्याच्यावर विसंबू नका.

खरा उपाय म्हणजे नळीतलं द्रावण गोठवा, व्हॅक्यूम लावा, व्हॉल्व्ह बंद करून वितळवा. असं चार वेळा. मात्र नळी द्रव नायट्रोजनमध्ये असताना आरगॉनची लाइन उघडी ठेवू नका. आरगॉन 87 केल्विनला द्रव होतो, द्रव नायट्रोजन 77 वर असतो. आरगॉन आत साचतो आणि बंद नळी गरम होताना फुटते. हवा आत गेली तर द्रव ऑक्सिजन साचतो, ते आणखी वाईट. यात हयगय नको.

काम नीट झालं की नाही हे डोळ्यांनी दिसतं. अंधारात नळीवर अतिनील टॉर्च धरली तर पहिल्या फेरीनंतर मंद, मळकट लाल दिसतं. चौथ्या फेरीनंतर अख्खी नळी निखाऱ्यासारखी पेटते. मग व्हॉल्व्ह किंचित उघडला की लाली वरून खाली विझत जाते. हलवलं की एका झटक्यात गायब. नव्या विद्यार्थ्याला मी हे पहिल्याच आठवड्यात दाखवते. त्यानंतर व्हॉल्व्हची काळजी घ्यायला सांगावं लागत नाही.

उलट्या प्रकारची फसगतही होते. डीएमएसओ या सॉल्व्हंटमध्ये स्कॅन चालू असतानाच तीव्रता आपोआप चढत गेली तर हुरळून जाऊ नका. प्रकाशामुळे तयार झालेला सिंगलेट ऑक्सिजन (ऑक्सिजनचं उत्तेजित रूप) सॉल्व्हंटशीच अभिक्रिया करून संपत असतो.

पीक दिसलं, पण कशाचं?

धातू घालायची अभिक्रिया अर्धवट राहिली तर उरलेलं फ्री बेस (धातू न बसलेलं पोर्फिरिन) गोंधळ घालतं. टेट्राफिनाइलपोर्फिरिनच्या फ्री बेसचा फ्लुओरेसन्स (ट्रिप्लेटमध्ये न जाता झटकन येणारा प्रकाश) 650 नॅनोमीटरजवळ येतो, आणि प्लॅटिनमवाल्याचा फॉस्फोरेसन्सही साधारण त्याच भागात. हवेतलं द्रावण असेल तर चिमूटभर अशुद्धीही खऱ्या संयुगावर मात करते. शोषण स्पेक्ट्रम बघा. 515, 550, 590 आणि 647 नॅनोमीटरजवळ चार क्यू बँड (शोषणाचे कमजोर पट्टे) दिसले तर फ्री बेस शिल्लक आहे. धातू बसल्यावर दोनच मुख्य बँड राहतात. एनएमआरमध्ये उणे 2.8 पीपीएमजवळचा एनएचचा सिग्नलही नाहीसा व्हायला हवा. अभिक्रिया बेंझोनायट्राइलमध्ये उकळत करत असाल तर घड्याळ बघून नाही, शोषण बघून थांबवा.

दुसरं भूत उपकरणात बसलेलं असतं. 390 नॅनोमीटरवर उत्तेजन दिलं की ग्रेटिंगच्या (तरंगलांब्या वेगळ्या करणाऱ्या भागाच्या) दुसऱ्या ऑर्डरमुळे दुप्पट तरंगलांबीला, 780 वर, टोकदार पीक येतं. बेंझोपोर्फिरिनचा प्लॅटिनम कॉम्प्लेक्स 770 जवळ प्रकाश देतो, तेव्हा घोटाळा व्हायला वेळ लागत नाही. उत्तेजन 400 करून पाहा. पीक सरकून 800 वर गेलं तर ते तुमच्या रेणूचं नाही. लांब तरंगलांबीच पुढे सोडणारा लाँगपास फिल्टर लावा.

या सगळ्यावर एकच कसोटी मला पुरेशी वाटते, ती आयुष्याची. ऑक्सिजन काढल्यावर तीव्रता आणि आयुष्य एकाच पटीत वाढलं तर तो फॉस्फोरेसन्स. तीव्रता वाढली आणि आयुष्य तसंच राहिलं, तर प्रकाश देणाऱ्या रेणूंची संख्या बदलली आहे किंवा मोजमाप चुकलं आहे. मात्र मिलिसेकंदाचं आयुष्य मोजताना लेझर सेकंदाला हजारो वेळा मारू नका. आधीची शेपटी संपायच्या आत पुढचा पल्स येतो. 100 हर्ट्झ ठीक.

जास्त घाला, जास्त उजळेल?

नाही. सोरे बँडवर, म्हणजे सगळ्यात तीव्र शोषणाच्या पट्ट्यावर, शोषणांक दोन लाखांच्या घरात असतो, 0.5 मायक्रोमोलर द्रावणातच एक सेंटीमीटरला 0.1 शोषण मिळतं. त्याहून घट्ट केलं की उत्तेजनाचा प्रकाश क्युव्हेटच्या पुढच्याच थरात अडतो. ट्रिप्लेट एकमेकांना विझवतात ते वेगळंच. फिल्ममध्ये तर प्लॅटिनम ऑक्टाएथिलपोर्फिरिन गठ्ठे करून 780 जवळ नवा पट्टा काढतं, आणि 650 चा मूळ पट्टा खचतो.

धातूबद्दल थोडक्यात: निकेल, लोह, कोबाल्ट यांच्याकडून आशा नको, त्यांच्या डी-अवस्था ऊर्जा क्षणात गिळतात. झिंकचा फॉस्फोरेसन्स 77 केल्विनला छान दिसतो, खोलीच्या तापमानाला मुख्यतः फ्लुओरेसन्सच.

राहता राहिलं पॉलिमर. इथे आधी ठरवा की तुम्हाला नुसता उजेड हवा आहे की ऑक्सिजन सेन्सर. उजेड हवा असेल तर कोरडा पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) घ्या, तो ऑक्सिजन अडवतो आणि रेणूलाही घट्ट धरतो. पाण्यात विरघळणारं पोर्फिरिन मात्र लागेल. सेन्सर करायचा असेल तर पॉलिस्टायरीन बरं, कारण त्यातून ऑक्सिजन जायलाच हवा. फ्लोरिनवालं प्लॅटिनम पोर्फिरिन घेतलं तर ते प्रकाशात टिकतंही जास्त. हवेत झगझगीत दिसणारी फिल्म करून आणली आणि ऑक्सिजन सोडला तरी ती ढिम्म, असं झालं असेल तर फॉस्फोरेसन्स वाढलाय खरा, पण सेन्सर राहिलेला नाही.