गच्चीवर बाग करण्यापूर्वी गच्चीची तयारी

गच्चीवर भाजीपाला किंवा फुलझाडे लावायची असतील, तर पहिली कुंडी वर नेण्यापूर्वी गच्ची गळते का आणि किती वजन पेलू शकते, हे तपासून घ्यावे. एकदा कुंड्या भरल्या आणि पावसाळा सुरू झाला की खालच्या खोलीच्या छतावर ओल दिसली तरी हाती काही राहत नाही, कारण दुरुस्तीला लागणारी कोरडी, रिकामी जागाच उरलेली नसते. म्हणून हे काम मार्चमध्ये हाती घ्यावे, वळवाचा पाऊस येण्यापूर्वी पुरे करावे आणि लागवड जूनमध्ये करावी. सोसायटीची इमारत असेल तर गच्ची सामायिक असते. तेव्हा कार्यकारिणीची लेखी परवानगी आधी मिळवावी.

तपासणीची सुरुवात खालून करावी. वरच्या मजल्यावरील प्रत्येक खोलीचे छत भर उजेडात पाहावे. रंगाला आलेले फुगे, पांढरी क्षाराची बुरशीसारखी पूड आणि तपकिरी कडा असलेले डाग यांची जागा कागदावर टिपून ठेवावी. गिलावा निखळून गंजलेल्या सळ्या उघड्या पडल्या असतील, तर तेथेच थांबून स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावे. अशा स्लॅबवर स्वतः लेप लावणे म्हणजे दुखणे झाकणे होय, आणि बागेचा विचार तर तोवर करूच नये.

त्यानंतर गच्ची खराट्याने स्वच्छ झाडून, धुऊन, वाळू द्यावी. कोब्यावर हातोडीच्या लाकडी दांड्याने हातभर अंतरावर ठोकत जावे. भरीव कोबा टणक वाजतो. जेथे पोकळ आवाज येतो तेथे कोबा खालच्या थरापासून सुटलेला असतो. एखाद-दुसरी जागा असेल तर तेवढा भाग काढून नव्याने भरता येतो, मात्र निम्मी गच्ची पोकळ वाजत असेल तर विटांच्या तुकड्यांचा कोबा नव्याने घालण्यासाठी जाणकार गवंडीच हवा. भेगांमध्ये पिंपळ, वड किंवा उंबराचे रोप उगवले असेल तर ते नुसते कापू नये. भेग थोडी रुंद करून मुळासकट काढावे, कारण उरलेले मूळ पुन्हा फुटते आणि भेग वाढवत नेते.

खरी परीक्षा पाणी साठवून होते. पाणी जाण्याचे नळ कापडाच्या बोळ्याने घट्ट बंद करावेत आणि गच्चीवर 2.5 सेंटिमीटर पाणी 24 ते 48 तास उभे ठेवावे. 50 चौरस मीटर गच्चीला यासाठी सुमारे 1,250 लिटर पाणी लागते. उन्हाळ्यात एवढे पाणी वापरणे योग्य वाटत नसेल, तर वाळूच्या पिशव्यांचे बांध घालून तेच पाणी एका भागातून दुसऱ्या भागात फिरवावे. या काळात खालच्या छतावरील टिपलेल्या जागा सकाळ-संध्याकाळ पाहाव्यात. नळ उघडल्यावर पाणी कोठे डबके करून राहते, तेथे खडूने खूण करावी. दर मीटरला सुमारे एक सेंटिमीटर उतार असेल तर पाणी आपोआप वाहून जाते.

गळतीची जागा बहुधा स्लॅबच्या मधोमध नसते. कठड्याची भिंत जेथे गच्चीला मिळते त्या कोपऱ्यात आणि पाण्याच्या नळाच्या तोंडाशी ती सापडते. भेग छिन्नीने इंग्रजी व्ही आकारात 5 ते 6 मिलिमीटर उघडावी, ब्रशने धूळ काढावी, आणि एक भाग सिमेंट व तीन भाग बारीक वाळू यांच्या मिश्रणात वॉटरप्रूफिंगचे पॉलिमर द्रव डब्यावरील प्रमाणात घालून ती दाबून भरावी. कोपऱ्यात त्याच मिश्रणाची गोलाई द्यावी. गवंडी तिला वाटा म्हणतात. ही भर निदान आठवडाभर ओली ठेवावी, नाहीतर उन्हाने तिला नव्या भेगा पडतात.

भर पूर्ण वाळल्यावर अ‍ॅक्रिलिक लेप द्यावा. लेपाचा पहिला हात पातळ असावा, कोपऱ्यात आणि भेगांवर तो ओला असतानाच फायबरची जाळी दाबून बसवावी, आणि पुढचा हात पहिल्याच्या आडव्या दिशेने मारावा. भर दुपारी तापलेल्या कोब्यावर लेप लगेच सुकतो आणि नीट धरत नाही, म्हणून पहाटे किंवा सूर्य कलल्यावर काम करावे. गच्चीवर चायना मोझॅकचे तुकडे असतील तर त्यांच्या तुकतुकीत पृष्ठभागावर हा लेप टिकत नाही. तेथे तुकड्यांमधले सांधे खरवडून नव्याने भरणे हाच उपाय आहे. सर्व झाल्यावर पाण्याची परीक्षा पुन्हा घ्यावी. ही दुसरी परीक्षा टाळण्याचा मोह होतो, पण तिच्याशिवाय काम झाले असे समजू नये.

आता वजन. भारतीय मानकांनुसार, वापरात असलेल्या गच्चीचा आराखडा सर्वसाधारणपणे चौरस मीटरला 150 किलो अतिरिक्त भार गृहीत धरून केलेला असतो, आणि त्यात माणसांचे वजनही येते. भिजलेल्या मातीचा 15 सेंटिमीटर जाडीचा वाफा चौरस मीटरला सुमारे 270 किलो भरतो. म्हणून गच्चीवर थेट मातीचा वाफा करू नये. एक फुटी कुंडी निव्वळ मातीने भरली तर भिजल्यावर सुमारे 25 किलो होते, परंतु माती, कंपोस्ट आणि कोकोपीट समभाग घेतले तर तीच बरीच हलकी होते. तळाशी नारळाच्या शेंड्या किंवा वाळलेला पालापाचोळा घातल्यास वजन आणखी घटते आणि निचराही चांगला राहतो. मोठे ड्रम आणि फळझाडे नेहमी तुळया व खांबांच्या वर, म्हणजे बहुधा कठड्याच्या कडेने ठेवावीत. स्लॅबच्या मध्यभागी पालेभाज्यांचे उथळ क्रेट चालतात.

कोणतीही कुंडी लेपावर थेट टेकवू नये. आडव्या विटांवर ती चार बोटे उंच ठेवली म्हणजे खालून वारा खेळतो, पाणी अडत नाही आणि झाडताना खराटाही जातो. लोखंडी स्टँडचे टोकदार पाय लेप फोडतात, म्हणून त्यांच्याखाली रबराचे तुकडे घालावेत. नळाच्या तोंडावर घुमटाकार जाळी बसवावी, कारण सपाट जाळी दोन पानांनीही बुजते. पावसाळ्यात ती दर आठवड्याला, आणि मोठ्या सरीनंतर लगेच, हाताने साफ करावी.