वंशावळ जुळवताना या चुका टाळा

आमच्या पणजोबांना मी आठ वर्षं चुकीच्या साली मारून ठेवलं होतं.

गावच्या जन्म-मृत्यूच्या रजिस्टरात, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये, त्यांच्या नावाची मयत नोंद ऑक्टोबर १९१८ ची. आजाराच्या रकान्यात ‘ताप’. त्याच दिवसांत इन्फ्लुएंझाने गावंच्या गावं झोपवली होती, आणि घरातही ‘साथीत गेले’ असंच ऐकत आलो होतो. चपखल बसलं. पुढे वारसांचा फेरफार, म्हणजे जमिनीवर वारसांची नावं लावल्याची नोंद, मिळाला तो मार्च १९२६ चा. ‘वारस नोंद काय, लोक आठ वर्षांनीही करतात’ असं म्हणून मी पान उलटलं. मग एकदा नाशिकला आमच्या तीर्थोपाध्यायांची, म्हणजे यात्रेला येणाऱ्या घराण्यांची नावं लिहून ठेवणाऱ्या गुरुजींची, वही उघडली, तर शके १८४६ च्या माघात पणजोबा गोदावरीवर हजर. बरोबर मुलगे, आणि खाली मोडीत दस्तुरखुद्द सही.

मेलेला माणूस सहा वर्षांनी नाशिकला आला होता.

२०२३ साली कुणबी नोंदींसाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हापासून तहसील कचेऱ्यांतली फडक्यात बांधलेली बाडं पुष्कळांनी पहिल्यांदाच उघडून पाहिली. कोणी दाखल्यासाठी पाहिली, कोणी नुसत्या हौसेने. कागद मिळण्यापर्यंत उत्साह असतो. दुसरा कागद पहिल्याशी भांडायला लागला की बहुतेक जण एकाला खरा ठरवून दुसरा फाइलच्या तळाशी सारतात. मीही तेच केलं.

नाव जुळलं म्हणजे माणूस सापडला असं मानणं

सगळ्यांत जास्त वंशावळी इथे बिघडतात. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत. एका म्हाताऱ्याला तीन मुलगे असले तर तिघांच्या घरी त्याच नावाचा एकेक नातू निघतो. तिघे एकाच गावात, एकाच आडनावाचे, पाच-सहा वर्षांच्या अंतराने जन्मलेले. वर घरातल्या सुना सासऱ्याचं नाव तोंडाने घेत नसत, म्हणून त्या पोराला हाक मारायची ‘आबा’ नाहीतर ‘बापू’. कागदावर एक, ओसरीवर दुसरं.

पेशव्यांचंच घर घ्या. बाळाजी विश्वनाथ आणि त्यांचा नातू बाळाजी बाजीराव. बाजीराव दोन, माधवराव दोन. धाकट्याला ‘सवाई’ लावून वेगळं काढावं लागलं. थोरल्या बाजीरावांचं पाळण्यातलं नाव तर विसाजी, आजोबा विश्वनाथपंतांवरून. आणि ‘नानासाहेब पेशवे’ म्हणावं तर एक पानिपताच्या वेळचे, दुसरे १८५७ चे, ज्यांचं नाव धोंडोपंत आणि जे दुसऱ्या बाजीरावाला दत्तक आलेले. इतक्या गाजलेल्या घराण्यात ही गत, तर आपल्या चार एकरवाल्या घराण्यात काय होत असेल!

म्हणून नावाला कमीत कमी दोन खुंट्या ठोकाव्यात. एक बापाचं नाव, म्हणजे ‘बिन’ किंवा ‘वल्द’च्या पुढचं. दुसरी खुंटी बायको, भाऊ किंवा जमिनीचा सर्व्हे नंबर, जे मिळेल ते. आमच्या १९१८ च्या नोंदीत नेमका ‘बिन’च्या पुढचा कागद कसरीने खाल्लेला होता. तिथे मी बापाचं नाव मनानेच भरलं.

गाठ सुटली ती धाकट्या आजोबांमुळे. त्यांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९२१. १ जून म्हटलं की मी विश्वास ठेवत नाही. शाळा जूनमध्ये भरायची, मास्तर पोराकडे बघून वय ठरवायचे आणि तारीख टाकून मोकळे व्हायचे. वर्ष-दोन वर्षं इकडेतिकडे सहज होतं. पण नमुना १४ मध्ये १९२१ च्याच पावसाळ्यात नोंद मिळाली: ‘मुलगा’, बापाचं नाव, ‘बिन’, आणि पुढे आजाचं नाव स्वच्छ. पोराचं नाव लिहिलेलं नव्हतं, बारशाआधीच्या नोंदीत ते बहुधा नसतंच. पण बाप १९२१ साली हयात होता एवढं पक्कं झालं. नाशिकच्या वहीतल्या मुलग्यांत या शेंडेफळाचंही नाव आहे. म्हणजे तापाने गेले ते त्याच नावाचे चुलतभाऊ. घरातली ‘साथीत गेले’ ही गोष्ट खरीच होती, फक्त ती शेजारच्या वाड्यातली होती.

नोंदीची तारीख घटनेला चिकटवणं

फेरफारावरची तारीख ही तलाठ्याने नोंद लिहिल्याची, आणि तिच्याखाली असते ती वरच्या अधिकाऱ्याने नोंद मंजूर केल्याची. माणूस कधी वारला ते मजकुरात आत कुठेतरी असतं, ‘मयत होऊन अमुक वर्षे झाली’ अशा मोघम शब्दांत. कित्येक वारस नोंदी जमीन विकायची वेळ आली तेव्हाच झाल्यात, वीस-तीस वर्षांनी. उलटही घडतं. आमच्याकडे नोंद सात-आठ महिन्यांत झाली होती आणि मी मात्र ती ‘उशिराची’ धरून चाललो.

सातबाऱ्यावर ‘ए. कु. मॅ.’ दिसलं की तिथेच थांबा. एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे जमीन सगळ्या भावांची आणि नाव एकट्या थोरल्याचं. ही तीन अक्षरं न वाचल्यामुळे मधले आणि धाकटे भाऊ वंशावळीतून साफ पुसले गेलेली घरं मी पाहिली आहेत. तसंच ‘अ. पा. क.’, म्हणजे अज्ञान पालन कर्ता, वयात न आलेल्या मुलाचा पालक. तिथे ज्याचं नाव आहे तो मुलाचा बाप असेलच असं नाही, काका नाहीतर मामाही असू शकतो.

सनांचं गणित घाईने करणं

शकात ७८ मिळवले की इसवी सन, हे शाळेतलं सूत्र अर्धंच आहे. शक चैत्रात बदलतो, इसवी सन बहुधा पौषात कुठेतरी. त्यामुळे १ जानेवारीनंतरच्या तिथ्यांना, म्हणजे पौषाचा उरलेला भाग, माघ आणि फाल्गुन यांना, ७९ मिळवायचे. नाशिकची नोंद शके १८४६ च्या माघाची. मी आधी वहीच्या समासात १९२४ लिहून आलो होतो. खरं साल १९२५.

मराठेशाहीच्या कागदांत शुहूर सन येतो, तोही अरबी शब्दांत, एकं-दहं-शतं अशा उलट क्रमाने. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार: ११६१. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, कारण हे वर्ष मृगाच्या सुमारास सुरू होतं. पानिपतची लढाई याच सनातली, ११६१ अधिक ६००, जानेवारी १७६१. त्याच वर्षाचा फसली, म्हणजे महसुली, सन ११७०. दोहोंत नऊ वर्षांचा फरक, आणि कागदावर पुष्कळदा नुसतंच ‘सन’ लिहिलेलं असतं. नऊ-दहा वर्षांची विसंगती आली की माणूस बदलण्याआधी सन तपासावा. मराठवाड्यातल्या निजामी दप्तरात फसली आणि वर उर्दू. तिथे नुक्ता, म्हणजे अक्षराचा टिंब, गळला की शब्दाच्या मध्ये आलेले ब, प, त, न सारखेच दिसतात.

काशी, गया, प्रयागच्या वह्यांत आणखी एक खोडा. तिकडे विक्रम संवत आणि पौर्णिमेला संपणारा महिना. आपला पितृपक्ष भाद्रपद वद्यात, त्यांचा आश्विन कृष्णात, दिवस मात्र तोच. वद्य पक्षातली तिथी एका महिन्याने पुढे दिसली तर दोन तारखा मिळाल्या असं समजू नका.

तिथीवरून आठवलं. घरात साल कोणाला सांगता येत नाही, पण श्राद्धाची तिथी चुकत नाही. आमच्याकडे पणजोबांची तिथी श्रावण वद्य नवमी. ती मला लहानपणापासून ठाऊक, कारण त्या दिवशी अळूची भाजी आणि वडे. ऑक्टोबरात श्रावण येत नाही हे समजायला पंचांगही लागत नाही! पुरावा दर वर्षी पानात वाढला जात होता आणि मी कचेऱ्यांतून हिंडत होतो. माघातली नाशिकची सही आणि मार्चमधला फेरफार यांच्यामध्ये एकच श्रावण बसतो, ऑगस्ट १९२५ चा. त्या सालचं नमुना १४ चं बाड वाळवीने संपवलंय, म्हणून माझ्या तक्त्यात ही तारीख ‘अनुमान’ म्हणूनच आहे.

कागद कशासाठी लिहिला हे न विचारणं

१८५२ नंतर मुंबई इलाख्यात इनाम कमिशनने इनामदारांकडून हक्काचे पुरावे मागितले. लोकांनी कैफियतीबरोबर वंशावळी जोडल्या. जुन्या, सहीशिक्क्याच्या, बघताक्षणी विश्वास बसावा अशा. पण लिहिणाऱ्याला जमीन वाचवायची होती. दत्तकाला औरस दाखवायचा, निपुत्रिक शाखा गाळायची, मूळ सनद मिळवणाऱ्याशी नातं एका पिढीने जवळ आणायचं, हा मोह उघड आहे. आजच्या प्रतिज्ञापत्रावरच्या वंशावळीचंही तेच. कचेरीच्या व्हरांड्यात, टायपिंगवाल्याच्या टेबलाशी, आठवेल तशी सांगितलेली. कामापुरती ती बरोबर असते. कामाबाहेरच्या आत्या आणि बहिणी तिच्यात नसतात.

त्यामानाने तीर्थाच्या वहीत खोटं लिहून फायदा काहीच नाही, म्हणून मी तिला झुकतं माप देतो. तरी दोन गोष्टी बघायच्या. एकत्र घरात पुतणेही ‘मुलगे’ म्हणून सांगितले जात. आणि वही जीर्ण झाली की उपाध्ये नवीत उतरवून घेत, तेव्हा एखादी ओळ सुटते. ‘मूळ वही आहे का हो गुरुजी?’ असं नम्रपणे विचारावं. यात्रेकरूची सही मूळ वहीतच असते.

बायकांना एकाच नावाने शोधणं

लग्नात नाव बदललं की माहेरच्या आणि सासरच्या कागदांत एकच बाई दोन माणसं होते. पहिली बाळंतपणात गेली आणि दुसरी आली, की दोघी मिळून एक होतात. मुलांच्या वयांत सात-आठ वर्षांची फट दिसली तर दुसऱ्या लग्नाची शंका घ्यावी. पुन्हा ‘कोम’, ‘मर्द’, ‘भ्रतार’ या शब्दांपुढे नवऱ्याचं नाव असतं, बापाचं नाही. नवशिके सर्रास तिला मुलगी करून टाकतात.

एक फायदाही आहे. ‘सौ.’ असेल तर त्या दिवशी नवरा जिवंत, ‘गं. भा.’ असेल तर गेलेला. तारीख असलेल्या लग्नपत्रिकेने किंवा देवळातल्या देणगीच्या फरशीने यावरून कितीतरी मृत्यूंची वर्षं अलीकडे-पलीकडे बांधता येतात.

आडनावाला घराणं समजणं

कुलकर्णी, देशपांडे, पाटील ही मुळात कामं. दोन गावच्या कुलकर्ण्यांचा एकमेकांशी संबंध असायलाच हवा असं काही नाही. उलट सख्ख्या भावांपैकी एक वतनाचं आडनाव लावतो आणि दुसरा गाव सोडून त्या गावाचा ‘कर’ होतो. जुन्या कागदांत तर आडनावच नसतं. कुलदैवत, देवक, गोत्र जुळतं का ते बघा. तेही एकट्याने पुरत नाही.

मोडी वाचणाऱ्याला आधीच नाव सांगणं

मोडीत आधी ओळ आखून घेतात आणि खाली अक्षरं टांगतात, हात शक्यतो न उचलता. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्दांत मोकळी जागा नाही. ‘रामजीबिनराणोजी’ सलग. अशा मजकुरात ‘इथे आमचे राणोजी आहेत का बघा’ म्हणालात, तर राणोजी निघणारच. वाचकाला काहीच सांगू नका. आधी अक्षराला अक्षर असं लिप्यंतर लिहून मागा, शंका असेल तिथे प्रश्नचिन्हासकट. अर्थ नंतर.

एकातून उतरवलेले पाच कागद म्हणजे पाच साक्षीदार समजणं

छापील कुलवृत्तांत, त्यावरून काकांनी काढलेला तक्ता, तो बघून केलेलं प्रतिज्ञापत्र, त्याचा व्हॉट्सअॅपवर फिरणारा फोटो: साक्षीदार एकच.

याचं सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण शिवजन्माचं. बखरींच्या परंपरेने शके १५४९ ची वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे १६२७ साल, रूढ होतं. भोरजवळच्या कारीच्या जेधे देशमुखांकडची शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केली. तिच्यात शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. परमानंदाच्या शिवभारतातही तीच तिथी, आणि राजस्थानात मिळालेल्या कुंडलीशीही तिचा मेळ बसला. बखरी संख्येने जास्त, पण नंतरच्या. इकडे मोजकीच साधनं, पण एकमेकांपासून लांब वाढलेली. महाराष्ट्र सरकारने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली ती २००१ मध्ये. (फाल्गुन आहे म्हणून १६३०. ७८ मिळवले असते तर १६२९ आलं असतं.)

माझी आताची पद्धत साधी आहे. दोनशे पानी वही, प्रत्येक माणसाला एक पान. डावीकडे कागदात आहे ते जसंच्या तसं, चुकीच्या स्पेलिंगसकट, कुठल्या बाडाचं कितवं पान ते लिहून. उजवीकडे माझं मत, पेन्सिलीने. भांडणारे दोन कागद असले तर दोन्ही शाईत राहतात. फोटो काढताना पानाच्या चारही कडा चौकटीत आणि आधीचं-नंतरचं एकेक पान जास्तीचं. महाभूमीच्या ‘आपले अभिलेख’वर जुने फेरफार स्कॅन झालेत, तिथे गावाचं नाव टाकून काही निघालं नाही, तर जुना तालुका निवडून बघा.

साथीत गेलेल्या त्या चुलत पणजोबांना मी आता वेगळं पान दिलंय. त्यांच्या विधवेचं नाव १९१९ च्या एका फेरफारात येतं, ‘कोम’ लावून, आणि मग कुठेच नाही. मूलबाळ दिसत नाही. पुढच्या महिन्यात तिच्या माहेरच्या गावचं बाड बघायला जायचंय. तिथे ती वेगळ्याच नावाने असेल.