शेती आणि सेवा: कोणाची उत्पादकता किती, हे कसं काढावं

सूत्र एका ओळीचं आहे: क्षेत्राचं सकल मूल्यवर्धन (उत्पादनाच्या किमतीतून त्यासाठी वापरलेला कच्चा माल-सेवा वजा करून उरतं ते) भागिले तिथे राबणारी माणसं. उलाढाल घेऊ नका, नाहीतर कापडाच्या आकड्यात कापूस पुन्हा मोजला जातो.

1. अंश. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या तक्त्यांतून क्षेत्रवार मूल्यवर्धन उतरवून घ्या. एकाच वर्षातली क्षेत्रं ताडायची तर चालू किमती (त्या त्या वर्षाच्या), काळानुसार वाढ बघायची तर स्थिर किमती (एका ठरावीक वर्षाच्या, म्हणजे महागाई वगळून).

2. छेद. घोडं पेंड खातं ते इथे. मीही इथेच बराच काळ अडकलो होतो. नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणाची (पीएलएफएस) 'नेहमीची स्थिती' धरली की 2023-24 मध्ये 46.1 टक्के कामकरी शेतीत दिसतात. मूल्यवर्धनात शेतीचा वाटा साधारण 18 टक्के. देशाची सरासरी 1 धरली तर शेतीचे 18 भागिले 46 म्हणजे 0.39, उरलेल्यांचे 82 भागिले 54 म्हणजे 1.52. बिगरशेती माणूस जवळपास चौपट उत्पादक! अनेक लेख इथेच थांबतात आणि शेतकऱ्याला अकार्यक्षम ठरवून मोकळे होतात.

जरा थांबा. या व्याख्येत वर्षात 30 दिवस पूरक काम केलेली व्यक्तीही कामकरी ठरते. गोठ्यात रोज दोन तास देणारी सून आणि तीनशे दिवस राबणारा सालगडी, दोघंही एकेकच. शिवाय मराठवाड्यातला कोरडवाहू शेतकरी चार महिने पुण्यात बांधकामावर गेला, तर त्याचं मूल्यवर्धन बांधकामात आणि तो स्वतः मात्र मुख्य काम शेती म्हणून शेतीत. म्हणून डोकी मोजू नका, तास मोजा. सर्वेक्षणात आठवड्याच्या कामाचे तास विचारलेले असतात. 'चालू साप्ताहिक स्थिती'च्या (मागच्या सात दिवसांत कोणी काय काम केलं, त्या) तक्त्यांपासून सुरुवात करा. तासांवर आलात की दरी कमी होते, पुसली मात्र जात नाही.

आणि सर्वेक्षणाचं वर्ष जुलै ते जून, राष्ट्रीय लेख्यांचं एप्रिल ते मार्च. 2025 पासून सर्वेक्षण कॅलेंडर वर्षावर गेलं, तेव्हा जुन्या-नव्या मालिका डोळे झाकून जोडू नका.

3. सेवांची साफसफाई. स्थावर मालमत्तेच्या आकड्यात स्वतःच्या घरात राहणाऱ्यांचं मानीव भाडं (ते घर भाड्याने असतं तर पडलं असतं ते, अंदाजाने धरलेलं) असतं. त्यामागे कामगार जवळपास कोणीच नाही, त्यामुळे सेवांची उत्पादकता फुकटात फुगते. ते वजा करूनच तुलना करा. सरकारी प्रशासन वेगळं ठेवा. तिथलं उत्पादन मुख्यतः पगाराच्या खर्चावरूनच मोजतात, म्हणजे पगारवाढ झाली की चालू किमतीत 'उत्पादकता'ही वाढते. माझ्या मते तो आकडा छापूच नये.

4. यंत्रांचा वाटा वेगळा काढायचा असेल तर रिझर्व्ह बँकेचा इंडिया केएलईएमएस (भांडवल, श्रम, ऊर्जा, कच्चा माल, सेवा यांचा उद्योगवार हिशेब) डेटाबेस घ्या: 27 उद्योग, 1980-81 पासून. भांडवलाचा साठा घरी बसून स्वतः मोजण्याच्या फंदात पडू नका.