लेबलमध्ये शिरायचंय? गळा असू द्या, करारही वाचा

नागपुरात राहून म्युझिक लेबलमध्ये, म्हणजे गाणी ध्वनिमुद्रित करून विकणाऱ्या कंपनीत, कसं शिरायचं, असं विचारणारी पोरं बहुतेक गाणारी असतात. त्यांना मी जी. एन. जोशींचं नाव सांगतो. मेहकरच्या ना. घ. देशपांड्यांचं ‘रानारानात गेली बाई शीळ’ घरोघरी पोचवणारे गायक, हे ठाऊक असतं. पुढे एचएमव्ही या तबकड्या काढणाऱ्या कंपनीत रेकॉर्डिंगचे अधिकारी म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं काढली, ते फारसं कुणाला माहीत नसतं. माणूस शिकलेला वकील! तबकड्यांवर नावापुढे बी. ए., एलएल. बी. छापलेलं.

मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या (७८ आरपीएम) एका बाजूवर जेमतेम सव्वातीन मिनिटं मावायची. तासभर ख्याल रंगवणाऱ्या बुवांना तेवढ्यात राग मांडायला लावायचा आणि त्यांचा मानही राखायचा, हे या खुर्चीतलं काम. एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी, आली तशी एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटं मिळू लागली. १९६७ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही वाद्यसंगीताची एलपी जोशींच्याच निर्मितीतली. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया, ब्रिजभूषण काब्रा हे तिन्ही वादक तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर. त्यांच्यावर कंपनीचा पैसा लावणं, ही माझ्या मते जोशींची खरी कमाई.

नवख्याच्या वाट्याला मात्र आधी कॅटलॉग, म्हणजे कंपनीच्या जुन्या ध्वनिमुद्रणांची यादी, येतो. जुनी तबकडी बल्बखाली तिरकी धरायची, मधल्या कागदी लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला मॅट्रिक्स नंबर (ध्वनिमुद्रणाचा ओळख क्रमांक) वाचायचा आणि एक्सेलमध्ये भरायचा. कंटाळवाणं आहे, पण हक्क (कॉपीराइट) कुणाचा हे तिथूनच शोधावं लागतं. ‘शीळ’चंच घ्या. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनापासून ६० वर्षांचा, म्हणजे त्या जुन्या तबकडीचा कधीच संपला. शब्दांचा हक्क कवीच्या निधनानंतर ६० वर्षं. देशपांडे २००० साली गेले, म्हणजे तो २०६० अखेरपर्यंत शाबूत. तबकडी मोकळी, कविता नाही. मुलाखतीत हे नीट सांगता आलं तर समोरचा खुर्ची पुढे ओढतो.

सरावाला मुंबई गाठायची गरज नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या परिसरात भीमगीतांचे स्टॉल लागतात. कॅसेट गेली, सीडी गेली, गाणी टिकली. एखाद्या स्थानिक गायकाला गाठा. गीतकार कोण, चाल कुणाची, पैसे कुणी घातले, कागद झाला का, हे त्याला विचारून लिहून काढा. ‘कागद कशाला, आपलाच माणूस आहे’ हे उत्तर हमखास मिळेल. तेव्हा कॉपीराइट कायद्यातली २०१२ची दुरुस्ती समजावा: रॉयल्टीतला वाटा गीतकार-संगीतकाराला लेबलच्या नावे सोडून देता येत नाही. मग गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेच्या सभासदत्वाचा अर्ज त्या गीतकाराशेजारी बसून भरून द्या.