पेटी परसात, तरी काकडी वाकडी: या चुका टाळा

मधमाशांची पेटी आणली की काकडीचा मांडव लगडणार, या भरवशावर मी परसात सातेरी, म्हणजे पेटीत पाळतात त्या देशी मधमाशांची वसाहत ठेवली. श्रावण आला आणि बोटाएवढ्या काकड्या पिवळ्या पडून गळायला लागल्या. ज्या टिकल्या त्या एका टोकाला फुगलेल्या, दुसरीकडे आक्रसलेल्या. मी आपला बुंध्याशी शेणखत ओततोय!

दोष खताचा नव्हताच. काकडीचं मादी फूल सकाळी उमलतं, एका दिवसात मावळतं, आणि तेवढ्या वेळात पुरेसे पराग मिळाले नाहीत तर फळ अर्धवट भरतं किंवा गळतं. कोकणातल्या झडीत माशा पेटीबाहेर पडतच नाहीत, तर पराग नेणार कोण? अशा दिवसांत हे काम आपणच करायचं. बारीक देठाचं नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि मागे इवलीशी काकडी असलेल्या फुलात अलगद फिरवा. दुधी, पडवळ, दोडका यांची फुलं दिवस कलल्यावर उमलतात, तिथे हे तिन्हीसांजेला करायचं. त्या फुलांवर रात्रीचे पतंग येतात, त्यामुळे दुधी धरला नाही म्हणून मधमाशांना बोल लावू नका.

पावसात माशा उपाशीही राहतात. साखर आणि पाणी सारखंच घेऊन केलेला पाक संध्याकाळी पेटीच्या आत ठेवा. गूळ नको, माशांना हगवण लागते. पाक बाहेर सांडला तर मुंग्या आल्याच, म्हणून स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत हवेत.

मध काढायची घाई मला चांगलीच भोवली. पोळ्याच्या चौकटीतली निम्मी घरं उघडी असताना मध काढला. महिन्याभरात बरणीत फेस आला आणि वास आंबट. माशा पिकलेल्या मधावर मेणाचं झाकण घालतात. निदान पाऊण चौकट बंद दिसल्याशिवाय हात लावू नये. मध वरच्या कोठीतलाच घ्यायचा, खाली अंडी-पिल्लं असतात. वरचाही सगळा ओरबाडू नका. उपाशी सातेरी सरळ पेटी सोडून जाते.

कडुनिंबाचं तेलसुद्धा सकाळी, माशा फुलांवर असताना मारू नये. भेंडी एक दिवसाआड तोडावी, काकडी कोवळीच काढावी. एक जून फळ वेलावर राहिलं की वेल पुढची फळं धरायला आळस करतो.

पेटीचं दार वाफ्याकडे ठेवलं तर भाजी तोडताना आपण माशांच्या वाटेतच उभे राहतो. दोनदा डंख खाल्ल्यावर मी एका रात्रीत पेटी विहिरीपलीकडे नेली. दुसऱ्या दिवशी रानातून परतलेल्या माशा जुन्या जागेवर, रिकाम्या हवेत घोंघावत होत्या. पेटी तशीच उचलून परत आणली. मग रोज हातभर सरकवत नेली, पंधरा दिवस लागले.