पब्लिक हेल्थमध्ये डॉक्टरेट करायचीये? युनिव्हर्सिटी शेवटी शोधा

पब्लिक हेल्थमध्ये पीएचडी करायचीये म्हटलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो कुठे करू, आणि मला अगदी मनापासून वाटतं की हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. आधी हे ठरवा की डिग्री मिळाल्यावर रोज काम काय करायचंय. कारण इथे डॉक्टरेट दोन प्रकारची असते. रिसर्च करायचाय, शिकवायचंय, पेपर लिहायचेत तर पीएचडी. आरोग्य खात्यात, एनजीओत किंवा मोठ्या प्रोग्रॅममध्ये निर्णय घेणाऱ्या खुर्चीत बसायचंय तर डीआरपीएच, म्हणजे डॉक्टर ऑफ पब्लिक हेल्थ, त्यात लीडरशिप, पॉलिसी, मॅनेजमेंट यावर भर असतो आणि बऱ्याच ठिकाणी आधीचा कामाचा अनुभव मागतात. जॉन्स हॉपकिन्सचं डीआरपीएच नोकरी सांभाळून पार्ट टाइम करता येतं, लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनच्या डीआरपीएचमध्ये एखाद्या संस्थेत बसून तिथलं कामकाज अभ्यासायचा प्रोजेक्टच असतो. पैशाचं गणित पण वेगळं, अमेरिकेत पीएचडीला बऱ्याचदा फी माफी आणि स्टायपेंड मिळतो, डीआरपीएचला मात्र बहुतेक वेळा स्वतःच्या खिशातून किंवा ऑफिसकडून भरावं लागतं.

हे ठरलं की रिसर्चचा प्रश्न. "मला माता आरोग्यावर काम करायचंय" हा प्रश्न नाही, तो नुसता विषय झाला. बाळंतपणानंतर 6 आठवड्यांत तपासणीला न येणाऱ्या बायकांना नेमकं काय अडवतं, दवाखान्याचं अंतर, घरच्यांची परवानगी, की मागच्या वेळी तिथे मिळालेली वागणूक, हा प्रश्न झाला, कारण याचं उत्तर शोधायला कोणाला भेटायचं, काय मोजायचं हे लगेच डोळ्यासमोर येतं. असे दोन-तीन प्रश्न लिहा आणि प्रत्येकासमोर लिहा की याचा डेटा कुठून येणार.

डेटावर जरा थांबतो कारण भल्याभल्यांची पीएचडी इथेच अडकते. दुसऱ्याचा डेटा वापरणार असाल तर तो आज हातात मिळतोय का हे बघा, "मिळेल" यावर विसंबू नका. 2025 च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत थांबवली तेव्हा त्या पैशावर चालणारा डीएचएस, म्हणजे अनेक देशांत घरोघरी आरोग्याचा सर्व्हे करणारा प्रोग्रॅम, ठप्प झाला आणि नव्या डेटा रिक्वेस्टना उत्तरच मिळेना, आणि जगभरातले कितीतरी थीसिस याच सर्व्हेवर उभे असतात. स्वतः डेटा गोळा करणार असाल तर एथिक्स कमिटीची मंजुरी लागते, हॉस्पिटलचे रेकॉर्ड हवे असतील तर त्यांची वेगळी परवानगी, आणि यात सहज काही महिने जातात, म्हणून प्लॅन बी आधीच कागदावर असू द्या.

मग गाइड, आणि इथे घाई अजिबात करू नका. त्यांचे अलीकडचे दोन-तीन पेपर खरंच वाचा, मग छोटा ईमेल लिहा, तुमचा प्रश्न काय, त्यांच्या कोणत्या कामाशी तो जोडलेला आहे, तुम्हाला आत्ता काय येतं. एकच ईमेल पन्नास जणांना पाठवला की तो वाचणाऱ्याला लगेच कळतं. उत्तर आलं तर त्यांच्या सध्याच्या विद्यार्थ्यांशी बोला, ड्राफ्ट दिल्यावर किती दिवसांत परत येतो, पेपरवर पहिलं नाव कोणाचं लागतं, मधेच सोडून गेलेले किती आणि का. नाव मोठं पण वेळ नाही अशा गाइडपेक्षा दर पंधरा दिवसांनी भेटणारा गाइड केव्हाही चांगला.

आता अर्ज. ब्रिटनमध्ये साधारण 3-4 वर्षांची पीएचडी असते आणि बहुतेक ठिकाणी रिसर्च प्रपोजल सुरुवातीलाच मागतात, अमेरिकेत आधी कोर्सवर्क, मग क्वालिफाइंग एक्झाम, मग थीसिस, त्यामुळे 4 ते 6 वर्षं धरून चाला. तिकडच्या बऱ्याच स्कूल्सचा अर्ज सोफास या एकाच पोर्टलवरून जातो. रेकमेंडेशन लेटर देणाऱ्यांना किमान दीड-दोन महिने आधी सांगा आणि सोबत तुमचं प्रपोजल पण द्या, म्हणजे ते नेमकं काहीतरी लिहू शकतील.

अॅडमिशनची वाट बघताना स्टॅटिस्टिक्स पक्कं करा. रिग्रेशन, म्हणजे एका गोष्टीचा दुसरीशी संबंध आकड्यांत मोजायची पद्धत, हाताखालून गेलेलं असावं, कन्फाउंडिंग (दोन गोष्टींचा संबंध खरं तर तिसऱ्याच गोष्टीमुळे दिसणं) म्हणजे काय हे उदाहरण देऊन समजावता यायला हवं, आणि आर (R) हे स्टॅटिस्टिक्सचं सॉफ्टवेअर शिका, ते फुकट आहे. मुलाखती घेऊन काम करणार असाल तरी हे लागतंच, कारण दुसऱ्यांचे आकडे वाचता आले पाहिजेत. थीसिस तीन पेपरचा असेल तर पहिला पेपर बऱ्याचदा सिस्टिमॅटिक रिव्ह्यू असतो, म्हणजे एका प्रश्नावर आधी झालेला सगळा रिसर्च ठरलेल्या पद्धतीने शोधून तपासणं, त्याचा प्रोटोकॉल (कामाचा आराखडा) त्या पेपरांतून डेटा काढायला घेण्याआधीच प्रॉस्पेरो या ऑनलाइन रजिस्टरवर नोंदवा, असा रिव्ह्यू कसा लिहायचा हे सांगणारी प्रिस्माची चेकलिस्ट पहिल्या दिवसापासून समोर ठेवा, आणि सर्च स्ट्रॅटेजी बनवताना लायब्रेरियनला सोबत घ्या, ते लोक यात खरंच तरबेज असतात आणि त्यांना कोणी विचारतच नाही.