अ‍ॅजिलिटी शिकवताना या चुका टाळा

अ‍ॅजिलिटी म्हणजे कुत्र्यांची अडथळ्यांची शर्यत. तिच्या सरावात माझी कुत्री मिरी तिसऱ्या दांडीशी दर वेळी गडबडायची. पहिली उडाली, दुसरी उडाली, आणि तिसरी सोडून थेट माझ्यासमोर येऊन उभी. नजर माझ्या कमरेच्या खाऊच्या बटव्यावर. पंधरा दिवस मी सगळ्यांना सांगत होतो की कुत्री हट्टी आहे. मग एका रविवारी पुतणीने बाजूला उभं राहून मोबाइलवर व्हिडिओ काढला, आणि तो बघताना माझी मलाच लाज वाटली. मिरी दुसऱ्या दांडीवर हवेत असतानाच माझा उजवा हात बटव्यात शिरत होता. दुकान उघडलं की गिऱ्हाईक येणारच, त्यात तिचं काय चुकलं?

म्हणून पहिली सूचना कुत्र्यासाठी नाहीच. आठवड्यातून एकदा स्वतःचा व्हिडिओ काढा आणि कुत्र्याकडे न बघता आपल्या हातापायांकडे बघा. क्रम असा हवा: आधी काम, मग क्लिक (हातातल्या क्लिकरचा ‘टक्’ आवाज, म्हणजे ‘बरोबर केलंस, खाऊ येतोय’), आणि त्यानंतर हात बटव्याकडे. हात आधी हलला तर कुत्रं क्लिकची वाट बघत नाही, हाताची बघतं.

अ‍ॅजिलिटीची सुरुवात १९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्‌स शोमध्ये झाली. घोड्यांच्या उड्यांच्या शर्यतीवरून कल्पना उचलून मधल्या वेळेत प्रेक्षकांची करमणूक करायची, एवढाच हेतू होता. पण घोड्यावर स्वार बसलेला असतो, लगाम हातात असतो. इथे पट्टा नाही, आणि स्पर्धेत कुत्र्याला हात लावून मदत केली तर दंड. उरतो तो तुमचा आवाज, खांदे आणि पाय. त्यातही कुत्रं पायांवर जास्त विश्वास ठेवतं. तोंडाने ‘टनेल’ (बोगदा) म्हणायचं आणि बूट मात्र दांडीकडे वळलेले, असं झालं की ते दांडीवरूनच उडणार. खात्री करायची असेल तर हाताची घडी घालून, न हलता नुसता शब्द म्हणून बघा. बहुतेकांच्या कुत्र्यांना तो शब्द येतच नसतो.

खाऊ कुठे पडतो?

खाऊ कुठला द्यायचा यावर लोक तासभर बोलतात, पण तो कुठे द्यायचा याचा विचार फार कमी लोक करतात. बक्षीस जिथे मिळतं तिथे कुत्रं पुढच्या वेळी लवकर पोचू बघतं, सगळी यंत्रणा यावर चालते. पुढे पळत दांड्या ओलांडायला शिकवायचं असेल तर पनीरचा तुकडा पुढे फेका. हातातून दिलात की ते तुमच्याकडे वळणारच. टनेलचा खाऊ बाहेर पडायच्या तोंडाशी, तोही कुत्र्याचं नाक दिसायच्या आत जमिनीवर पडलेला हवा.

ए-फ्रेम (दोन फळ्यांचा उतरत्या छपरासारखा चढ-उतार) आणि डॉग वॉक (उंचावरची अरुंद फळी) यांच्या खालच्या टोकांना वेगळ्या रंगाचा पट्टा असतो. उतरताना निदान एक पंजा त्यात पडला पाहिजे. नियम सुरक्षिततेचा आहे, कारण वरूनच उडी टाकणाऱ्या कुत्र्याच्या खांद्यांवर सगळा भार येतो. यासाठी महागडं सामान लागत नाही, जिन्याची शेवटची पायरी पुरते. मागचे दोन पाय पायरीवर, पुढचे दोन जमिनीवर, आणि खाऊ पुढच्या पंजांच्या मधे, फरशीवर. तोंडाशी धरून भरवलात तर मान वर होते, मागचे पाय घसरतात आणि सगळी पोजच मोडते.

क्लिक उशिरा होतो

उडीसाठी क्लिक हवेत असताना हवा, उतरल्यावर नाही. हात बसेपर्यंत कुत्र्याला लांब ठेवा. कोणाला तरी चेंडू टाकायला सांगा आणि तो जमिनीला टेकतो त्याच क्षणी क्लिक करा. दहातले आठ जमले की कुत्र्याला बोलवा. क्लिकर नसेल तर ‘हां!’ असा एकच तुटक शब्द ठरवा. ‘शाब्बास’ नको, तो आपण दिवसभर उगाच वाटत असतो. आणि चुकून क्लिक झाला तरी खाऊ द्यायचाच. चूक तुमची, दंड तुमचा.

सीसॉची घाई

सीसॉ म्हणजे बागेतल्यासारखी वरखाली होणारी फळी, आणि सगळ्यात जास्त कुत्री इथे बिघडतात. मी मिरीला बिघडवली ती अशी: पहिल्याच दिवशी पूर्ण उंचीची फळी, पुढे पट्टा धरून मी, आणि ‘चल चल, काही होत नाही’. मधे पोचल्यावर फळी धाडकन आपटली. त्यानंतर दोन महिने ती गच्चीच्या त्या कोपऱ्यात फिरकली नाही. फळी हलवली नुसती तरी शेपूट आत.

परत सुरुवात करताना हलण्याची भीती आणि आवाजाची भीती वेगळी काढली. जाड प्लायवूडच्या तुकड्याखाली टेनिस बॉल ठेवला. एक पंजा ठेवला, पाट डुगडुगला, क्लिक. आवाजासाठी सीसॉच्या दोन्ही टोकांखाली वाळूची पोती रचली, फळी जेमतेम दोन इंच खाली जायची, आणि ती स्वतःच पंजाने आपटायची. ठप्प झालं की चिकन. आठवड्याभरात ती मला न विचारता फळी आपटायला लागली, तेव्हा एक पोतं काढलं. वर चढवायचा विचार त्यानंतर केला.

या सगळ्यात पट्टा लावायचा नाही आणि ओढायचं तर नाहीच. कुत्र्याला उतरावंसं वाटलं तर उतरू द्या, निघून जाता येतं हे कळलं की ते परत येतं. मधेच जांभई, ओठ चाटणं, अचानक जमीन हुंगत बसणं, कान मागे जाणं ही नाटकं नसतात, ताण असतो. आणि एरवी हावरट असलेल्या कुत्र्याने चिकन नाकारलं तर ते नखरे करत नाहीये, घाबरलंय. तिथेच थांबा, एक पायरी मागे या.

वीव्ह पोलमधून नाकाला खाऊ लावून नेणं

वीव्ह पोल म्हणजे एका रांगेत रोवलेल्या काठ्या, त्यांच्यामधून कुत्र्याने नागमोडी जायचं. स्पर्धेत पूर्ण रांग बारा काठ्यांची, दोन काठ्यांत साधारण ६० सेंटिमीटर अंतर, आणि पहिली काठी कायम कुत्र्याच्या डाव्या खांद्याला. खाऊ नाकाशी धरून नागमोडी फिरवलं की पहिल्या दिवशी फार छान दिसतं, व्हिडिओही टाकता येतो. पण कुत्रं काठ्या शिकत नाही, हात शिकतं. हात काढला की रांग संपली. त्याऐवजी दोनच काठ्या रोवा, कुत्रं आपणहून मधून गेलं की क्लिक आणि खाऊ पुढे फेका. वेगवेगळ्या कोनांतून दोन पक्क्या झाल्या की चार.

पिल्लांना मात्र हे सगळं नको. हाडांची वाढ पूर्ण व्हायला एक ते दीड वर्ष लागतं, मोठ्या जातींत त्याहून जास्त. तोवर दांडी जमिनीवर ठेवा, टनेल खेळा, बादलीला फेरी मारायला शिकवा. डॅशहुंडसारख्या लांब पाठीच्या कुत्र्याला उड्या लावायच्या आधी डॉक्टरांना विचारा.

बाकी किरकोळ, पण रोजचं

एका वेळी पाच मिनिटं पुरे. दोनदा चुकलं की तिसऱ्यांदा तेच नाही, सोपं करा. कुत्रं दांडीच्या वर असताना नाव घेऊन हाक मारू नका, ते मान वळवतं आणि दांडी पडते, मग आपण त्यालाच बोलतो. खाऊचा तुकडा अर्ध्या शेंगदाण्याएवढा, आणि तेवढं रात्रीच्या जेवणातून कमी. बेदाणे आणि चॉकलेट कुत्र्यांना विषारी असतात, त्यामुळे प्रसादाच्या वाटीकडे लक्ष ठेवा. एप्रिल-मे मध्ये सकाळी सातच्या आत उरका. पालथा हात सात सेकंद टेकवता येत नसेल तर ती फरशी पंजांनाही नको. पावसाळ्यात गच्चीच्या गुळगुळीत टाइल्सवर उड्या अजिबात नाहीत.

आणि आवडीने पळणारं कुत्रं एखाद्या दिवशी अचानक नाही म्हणालं, तर त्या दिवशी शिकवणी बंद. आधी पंजे, नखं, सांधे बघा, नाही कळलं तर डॉक्टर. दिवाळीच्या सुमारास मिरीने अशीच ए-फ्रेम सोडली होती. मी फळीला नवी रबरी पट्टी लावली, उतार कमी केला, खाऊ बदलला. चौथ्या दिवशी सहज पाय हातात घेतला, तर दोन बोटांच्या बेचक्यात टेकडीवरचं कुसळ रुतलेलं.